अबोटाबादची लस

२ मे २०११ रोजी मध्यरात्र उलटल्यानंतर पाकिस्तानातील अबोटाबाद शहरात अमेरिकी कमांडोंनी ओसामा बिन लादेनला ठार केले. त्याची कोणतीही खूण मागे राहू नये याची दक्षता त्यानंतर दोन्ही देशांनी आपापल्या परीने घेतली. अमेरिकेने चोवीस तासांच्या आत त्याचे शव ‘कार्ल व्हिन्सन’ या विमानवाहू नौकेवरून अरबी समुद्रात सोडले. पाकिस्तानने फेब्रुवारी २०१२ मध्ये तो राहत होता ते घर जमीनदोस्त केले. दोघांच्या मनात भीती एकच होती. थडगे असले की तेथे दिवा लागतो आणि घर उभे असले की तेथे भाविक जमू लागतात. सुमारे तीन हजार निरपराध माणसांच्या हत्येचा सूत्रधार हुतात्मा म्हणून पुजला जाऊ नये, हा त्यामागचा हिशेब चुकीचा होता असे कोणी म्हणणार नाही.

परंतु ओसामाच्या मृत्यूचा एक अवशेष असा निघाला की, तो समुद्रात बुडवता आला नाही आणि यंत्रे लावून पाडताही आला नाही. तो अवशेष म्हणजे लहान मुलांना लस देण्यासाठी दारात येणाऱ्या बाईविषयीचा संशय. दहशतवादी नेत्याच्या मृत्यूनंतर त्याच्या संघटनेचे काय होते, तिला नवा नेता कोण मिळतो, सूड कोठे उगवला जातो, याची चर्चा जगभर होत असते. अल् कायदाबाबतही ती झाली. ओसामाचा वारस अयमान अल् जवाहिरी ३१ जुलै २०२२ रोजी काबूलमध्ये मारला गेला, तेव्हा त्या चर्चेचा आणखी एक अध्याय संपला. मात्र अबोटाबादच्या त्या रात्रीचा जो परिणाम सर्वांत जास्त टिकला, तो राजकारणात वा रणांगणात सापडत नाही. तो आरोग्यखात्याच्या नोंदवह्यांत आहे.

नवा शेर ते बिलाल टाउन

घडले ते असे. अबोटाबादच्या बिलाल टाउन या वस्तीतील उंच भिंतींच्या आड कोण राहते, याची खात्री २०११ च्या आरंभी अमेरिकेच्या ‘सी.आय.ए.’ला करून घ्यायची होती. त्या घरातील मुलांच्या रक्ताचा अंश मिळाला, तर ओसामाच्या कुटुंबातील व्यक्तीच्या नमुन्याशी तो ताडून पाहता येईल, असा विचार झाला. त्यासाठी खैबर या टोळीप्रदेशात सरकारी आरोग्य अधिकारी असलेल्या डॉ. शकील आफ्रिदी यांना हाताशी धरण्यात आले. अबोटाबादमध्ये कावीळ-ब या रोगाविरुद्ध मोफत लसीकरणाची मोहीम निघाली. ती खरी वाटावी म्हणून मार्च महिन्यात तिचा आरंभ शहराच्या कडेला असलेल्या नवा शेर या गरिबांच्या वस्तीत करण्यात आला.

कावीळ-ब लशीचे साधारणतः तीन डोस घ्यावे लागतात आणि दुसरा डोस पहिल्यानंतर महिन्याभराने देतात. एप्रिल उजाडला तेव्हा नवा शेरमधील लोकांना हा दुसरा डोस मिळायला हवा होता. परंतु परिचारिकांना तिकडे न पाठविता बिलाल टाउनमध्ये नेण्यात आले. मोहिमेचे खरे लक्ष्य ते होते. नवा शेरमध्ये जी लस टोचली ती खरीच होती, परंतु ती रोग टाळण्यासाठी टोचलेली नव्हती, म्हणून अर्ध्यावर सोडून देता आली. या एका तपशिलात सगळ्या प्रकरणाचा अर्थ सामावला आहे. दंडावर सुई टोचून घेणाऱ्या गरीब घरच्या माणसांना आपण कोणाच्या नाटकात काम करीत आहोत याची कल्पना नव्हती. ज्या परिचारिका घरोघर गेल्या, त्यांनाही ती नसावी.

एवढे करून हाती काय लागले? आजवर जे उघड झाले आहे त्यावरून पाहता, त्या घरातील मुलांच्या रक्ताचा नमुना मिळविण्याचा हेतू साध्य झाला नाही. छापा घालण्याचा निर्णय इतर पुराव्यांच्या आधारे घेतला गेला. पुढे जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन संरक्षणमंत्री लिऑन पॅनेटा यांनी डॉ. आफ्रिदी यांनी उपयुक्त माहिती पुरविल्याचे जाहीरपणे सांगितले. त्यांच्या मदतीचे मोल काहीही असो, लसीकरणाच्या सोंगावाचून ओसामा सापडलाच नसता असे म्हणण्यास आधार नाही.

११ जुलै २०११ रोजी लंडनच्या ‘गार्डियन’ या दैनिकाने ही हकीकत प्रसिद्ध केली आणि ती जगभर पसरली. पाकिस्तानात ती प्रत्येक मशिदीत, बाजारात आणि चहाच्या दुकानात पोहोचली.

अफवेला मिळालेला पुरावा

जून २०१२ मध्ये उत्तर वझिरीस्तानातील तालिबानी म्होरक्या हाफिज गुल बहादूर याने पोलिओ लसीकरणावर बंदी घातली. अमेरिकेचे ड्रोन हल्ले थांबेपर्यंत ती उठणार नाही, असे त्याने जाहीर केले. लसीकरणाच्या आड हेरगिरी चालते, हे त्याने पुढे केलेले कारण होते आणि त्याला उदाहरण शोधायला दूर जावे लागले नाही. दक्षिण वझिरीस्तानातही अशीच बंदी आली. एका फतव्यासरशी लाखाहून अधिक बालके लशीच्या कक्षेबाहेर गेली.

त्याच वर्षी १८ डिसेंबर रोजी कराची आणि पेशावर येथे एकाच दिवशी पोलिओचे डोस पाजणाऱ्या पाच महिलांना गोळ्या घालून ठार मारण्यात आले. त्यांतील काही अगदी कोवळ्या वयाच्या होत्या. दोन-अडीचशे रुपये रोजावर त्या पाठीला शीतपेटी अडकवून दारोदार हिंडत असत. पाठोपाठ आणखी हल्ले झाले आणि संयुक्त राष्ट्रसंघाला आपले काम काही काळ थांबवावे लागले. १३ जानेवारी २०१६ रोजी क्वेट्टा येथे लसीकरण केंद्राबाहेर झालेल्या स्फोटात पंधरा जण मेले. त्यांतील बहुतेक आरोग्यसेवकांच्या रक्षणासाठी जमलेले पोलीस होते. जानेवारी २०१८ मध्ये त्याच शहरात लसीकरणाचे काम करणाऱ्या मायलेकींची एकाच वेळी हत्या झाली. पाकिस्तानात १९९० च्या दशकापासून मारले गेलेले पोलिओसेवक आणि त्यांचे संरक्षक पोलीस यांची संख्या दोनशेंहून अधिक आहे. त्यांतील फार मोठा वाटा २०१२ नंतरच्या वर्षांचा आहे.

रोगानेही आपले काम केले. २०१४ मध्ये पाकिस्तानात पोलिओचे ३०६ रुग्ण आढळले. त्या वर्षी साऱ्या जगात रानटी विषाणूमुळे जेवढी मुले पंगू झाली, त्यांतील दर पाचांपैकी चारांहून अधिक एकट्या पाकिस्तानातील होती आणि त्यांत टोळीप्रदेशांतील मुलांचे प्रमाण सर्वांत मोठे होते. ५ मे २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने पोलिओच्या प्रसाराबाबत आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली आणि पाकिस्तानातून परदेशी जाणाऱ्यांना लस घेतल्याचा दाखला बाळगणे आवश्यक ठरले. मुलांच्या हितासाठी काम करणाऱ्या ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेवर संशय घेऊन सप्टेंबर २०१२ मध्ये तिच्या परदेशी कर्मचाऱ्यांना देश सोडण्याचा आदेश देण्यात आला. डॉ. आफ्रिदींशी आपला काही संबंध नसल्याचे ती संस्था सतत सांगत राहिली, पण ऐकण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट नोंदविली पाहिजे. पाकिस्तानातील पोलिओचे सगळे पाप अबोटाबादच्या माथी मारणे खरे नाही. हे प्रकरण बाहेर येण्यापूर्वीही तेथे लशीविरुद्ध अपप्रचार होता. स्वात खोऱ्यात मुल्ला फजलुल्ला आपल्या आकाशवाणी केंद्रावरून २००७ च्या सुमारास पोलिओच्या डोसांविरुद्ध प्रवचने देत होता. त्याच वर्षी बाजौर भागात लसीकरणाचा प्रचार करून परतणाऱ्या एका डॉक्टरची बॉम्बस्फोटाने हत्या झाली होती. २०११ या वर्षात पाकिस्तानात १९८ रुग्ण निघाले, तेव्हा प्रकरणाचा परिणाम जाणवण्यापूर्वीच परिस्थिती बिघडलेली होती. २०१२ मध्ये रुग्णसंख्या उलट ५८ वर उतरली. युद्धामुळे बंद पडलेले रस्ते, अफगाण सीमेवरून चालणारी माणसांची ये-जा, सांडपाण्याची दुर्दशा, प्रशासनाचा ढिसाळपणा ही कारणेही तेवढीच खरी आहेत. आणि निःशस्त्र महिलांवर बंदुका चालविल्या त्या तालिबानने. त्या खुनांची जबाबदारी गोळी झाडणाऱ्याचीच आहे. ती वॉशिंग्टनकडे ढकलून मारेकऱ्यांना सैल सोडता येणार नाही.

मग फरक पडला तो कोणता? अफवा आणि पुरावा यांत जो फरक असतो, तो. लस टोचणारे परक्यांचे हेर असतात ही २०११ पूर्वी एक अफवा होती. शिकलेला शिक्षक, गावचा डॉक्टर, एखादा समंजस मौलवी तिला खोटे ठरवू शकत होता. जुलै २०११ नंतर तो ते पूर्वीच्या खात्रीने सांगू शकेना. अपप्रचार करणाऱ्याच्या हातात पहिल्यांदाच एक खरी गोष्ट आली आणि त्या खऱ्या गोष्टीच्या आधाराने लस म्हणजे नपुंसकत्वाचे औषध, लस म्हणजे इस्लामविरुद्धचा कट, या त्याच्या बाकीच्या शंभर खोट्या गोष्टीही उभ्या राहिल्या.

मोनिका मार्टिनेझ-ब्राव्हो आणि आंद्रेयास श्टेगमान या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी या काळात जन्मलेल्या मुलांच्या लसीकरणाची जिल्हावार तपासणी केली. ज्या जिल्ह्यांत धार्मिक पक्षांचा जोर अधिक होता, तेथे हे प्रकरण उघड झाल्यानंतर लसीकरण अधिक घसरले, असे त्यांना दिसून आले. आणि ही घसरण पोलिओपुरती नव्हती, गोवरासारख्या इतर रोगांच्या लशींनाही तिची झळ लागली. सोंग घेतले होते ते कावीळ-ब लशीचे, बदनाम झाली ती पोलिओची लस, आणि तोटा झाला तो लसीकरण या कल्पनेचाच. अविश्वास कुपीवरील चिठ्ठी वाचून ठरत नसतो.

पुण्याची आणि आणीबाणीची आठवण

महाराष्ट्राला ही गोष्ट समजण्यास कठीण जाऊ नये. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ आली, तेव्हा ती आवरण्यासाठी रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घरोघर तपासणीला पाठविण्यात आले. रुग्ण वेगळे काढणे, घरे धुऊन काढणे, हे उपाय वैद्यकाच्या दृष्टीने गैर नव्हते. परंतु ते बंदुकीसह माजघरात आणि देवघरात शिरले. त्यामुळे लोकांना प्लेगाइतकीच प्लेगच्या बंदोबस्ताची धास्ती वाटू लागली. २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या आणि इतिहासाने एक वेगळेच वळण घेतले. त्याच वर्षी १० जानेवारी रोजी मुंबईत डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी आपण तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली होती. लोकांपुढे जाण्यापूर्वी स्वतःवर प्रयोग करणारा संशोधक आणि हुकमाच्या जोरावर घरात शिरणारा अधिकारी, अशी सार्वजनिक आरोग्याची दोन रूपे एकाच वर्षी आपल्या दोन शहरांत दिसली.

दुसरी आठवण अधिक जवळची आहे. आणीबाणीच्या काळात १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. उत्तर भारतात त्यांत सक्तीचा भाग मोठा होता. सरकार बदलले, मंत्री गेले, परंतु सरकारी आरोग्यसेवकाविषयीची धास्ती गेली नाही. पंचवीस-तीस वर्षांनी पश्चिम उत्तर प्रदेशात पोलिओचे डोस घेऊन कर्मचारी फिरू लागले, तेव्हा मुसलमान वस्त्यांतून दारे बंद होऊ लागली. हे थेंब मुलांना वांझ करण्यासाठी आहेत, असा समज पसरला होता. नसबंदीची छावणी ज्यांनी पाहिली होती त्यांची नातवंडे आता डोस घेण्याच्या वयाची होती. एका पिढीने केलेला अत्याचार तिसऱ्या पिढीच्या पायातील बळ घेऊन गेला.

ही दारे भारताने कशी उघडली, हा अभिमानाने सांगण्याजोगा इतिहास आहे. त्याच मोहल्ल्यांतील स्त्रियांना कामावर घेतले गेले, म्हणजे दारात येणारी बाई अनोळखी राहिली नाही. मशिदींतून इमामांनी आवाहने केली. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिल्लिया या संस्था पुढे आल्या. २०१० पासून अधिक परिणामकारक लस हाती आली. तिचाही वाटा मोठा होता, परंतु कुपी कितीही गुणकारी असली तरी मुलाचे तोंड उघडण्याचे काम ती करीत नाही. २००९ मध्ये भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण होते आणि तो आकडा त्या वर्षी जगात सर्वांत मोठा होता. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात एका बालिकेला झालेला पोलिओ हा देशातील रानटी विषाणूचा शेवटचा रुग्ण ठरला. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र मिळाले.

तारखा जुळवून पाहिल्या म्हणजे मन विषण्ण होते. जानेवारी २०११ मध्ये सीमेच्या या बाजूला शेवटचा रुग्ण नोंदविला गेला, आणि मार्च २०११ मध्ये सीमेच्या त्या बाजूला नवा शेरमधील मोहीम सुरू झाली. एका देशाने तीन दशकांचा अविश्वास कष्टाने पुसत आणला होता, त्याच सुमारास शेजारच्या देशात तसाच अविश्वास नव्याने पेरला जात होता.

साध्य आणि साधन

या सगळ्यावर एक प्रतिवाद केला जातो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ओसामा हा हजारोंचा मारेकरी होता. दहा वर्षे तो हाती लागत नव्हता. त्याला शोधण्यासाठी एखादा डॉक्टर कामी आला तर काय बिघडले? शत्रू कोणताही नियम पाळत नसताना आपणच सोवळे किती पाळायचे? मुंबईने नोव्हेंबर २००८ मध्ये जे भोगले, त्यानंतर येथील सामान्य नागरिकालाही हा प्रश्न पटण्यासारखा आहे.

त्याचे उत्तर भाबड्या नीतीत शोधण्याचे कारण नाही. ते शुद्ध व्यवहारात आहे. हेरगिरीत सोंगे घ्यावीच लागतात. व्यापारी, प्रवासी, फेरीवाला अशी कितीतरी सोंगे गुप्तहेर घेतात, आणि ते उघडकीस आले म्हणून व्यापार बंद पडत नाही. परंतु काही व्यवसाय केवळ विश्वासावर उभे असतात. युद्धाच्या धुमश्चक्रीतही रेडक्रॉसच्या चिन्हाचा आडोसा घेऊन चाल करणे निषिद्ध मानले आहे, कारण एकदा त्या चिन्हाआडून बंदूक निघाली की, पुढच्या प्रत्येक रुग्णवाहिकेवर गोळी चालविण्यास निमित्त मिळते. जुलै २००८ मध्ये कोलंबियाच्या सैन्याने बंडखोरांच्या तावडीतून पंधरा ओलिसांची सुटका केली. एकही गोळी न झाडता पार पडलेल्या त्या मोहिमेचे जगभर कौतुक झाले. परंतु तीत एकाने रेडक्रॉसचे चिन्ह धारण केल्याचे उघड होताच राष्ट्राध्यक्ष उरिबे यांना त्याबद्दल खेद व्यक्त करावा लागला. मोहीम यशस्वी झाली म्हणून चिन्हाचा दुरुपयोग क्षम्य ठरला नाही.

लसीकरणाला रेडक्रॉसच्या चिन्हासारखे कायद्याचे कवच नाही. म्हणूनच जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेतील बारा सार्वजनिक आरोग्य विद्यालयांच्या प्रमुखांनी अध्यक्ष ओबामा यांना पत्र लिहून असल्या सोंगाचा निषेध केला. त्याचे उत्तर मे २०१४ मध्ये मिळाले. लसीकरणाचा वा लसीकरण करणाऱ्यांचा वापर हेरगिरीसाठी करू नये, असा आदेश ‘सी.आय.ए.’च्या संचालकांनी ऑगस्ट २०१३ मध्ये दिला असल्याचे त्या उत्तरात म्हटले होते. हे आश्वासन स्वागतार्ह होते. परंतु एका संचालकाचा आदेश दुसरा संचालक फिरवू शकतो. तो कायदा नव्हे. शिवाय वझिरीस्तानातील माता वॉशिंग्टनची पत्रे वाचत नाहीत. चूक बातमीच्या वेगाने तिच्यापर्यंत पोहोचली, चुकीची कबुली मात्र कागदावर राहिली.

उरलेला हिशेब

पाकिस्तानच्या राज्यकर्त्यांचाही हिशेब येथे मांडला पाहिजे. देशाच्या लष्करी प्रबोधिनीच्या परिसरात जगातील सर्वांत मोठा फरारी वर्षानुवर्षे कसा राहिला, या प्रश्नासाठी न्यायमूर्ती जावेद इक्बाल यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल सरकारने लोकांपुढे ठेवला नाही, २०१३ मध्ये तो वृत्तसंस्थेच्या हाती लागून बाहेर पडला. त्याला आश्रय मिळाला कसा याबद्दल कोणा बड्या अधिकाऱ्याला शिक्षा झाली नाही. शिक्षा झाली ती डॉ. आफ्रिदींना, आणि तीही ओसामाच्या नावाने नव्हे. टोळीप्रदेशाच्या जुन्या कायद्याखाली, एका दहशतवादी टोळीला मदत केल्याच्या आरोपावरून मे २०१२ मध्ये त्यांना ३३ वर्षांची कैद सुनावण्यात आली. पुढे ती २३ वर्षांवर आली. मार्च २०१५ मध्ये त्यांच्या वकिलाची पेशावरमध्ये हत्या झाली. अमेरिकेत वीर आणि पाकिस्तानात देशद्रोही ठरलेल्या या डॉक्टरने वैद्यकीची शपथ मोडली, हा दोष त्यांच्याकडे राहतोच. परंतु ज्यांनी त्यांना वापरले आणि ज्यांच्या नाकाखाली ओसामा राहिला, ते दोघेही मोकळे राहिले.

त्या मोहिमेत काम केलेल्या आरोग्यसेविकांनाही नोकरीला मुकावे लागले. पाकिस्तानातील ‘लेडी हेल्थ वर्कर’ ही योजना १९९४ मध्ये बेनझीर भुट्टो यांच्या कारकिर्दीत सुरू झाली. त्याच वर्षी बेनझीर यांनी आपल्या तान्ह्या मुलीला स्वतः पोलिओचे थेंब पाजून राष्ट्रीय मोहिमेचा आरंभ केला होता. पडदानशीन घराच्या उंबरठ्याआत जाऊ शकणारी सरकारची एकमेव प्रतिनिधी, असे या आरोग्यसेविकेचे स्थान होते. बाळंतपण, कुपोषण, अतिसार, लसीकरण ही सगळी कामे तिच्या एका पिशवीत मावत. तिच्यावरचा विश्वास ढळला तेव्हा केवळ पोलिओचे थेंब सांडले नाहीत.

आजचे चित्र काय आहे? रानटी पोलिओ आता पाकिस्तान आणि अफगाणिस्तान या दोनच देशांत ठाण मांडून आहे. पाकिस्तानात २०१७ मध्ये रुग्णसंख्या ८ वर आली, २०१९ मध्ये पेशावरजवळ पसरलेल्या एका खोट्या अफवेनंतर लोक पुन्हा बिथरले आणि त्या वर्षी १४७ मुले पंगू झाली. २०२१ मध्ये केवळ एक रुग्ण निघाला, तेव्हा रोग संपलाच असे वाटले होते. परंतु २०२४ मध्ये हा आकडा ७४ झाला. २०२५ मध्ये तो उतरला, पण शून्यावर आला नाही. विषाणूला पारपत्र लागत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये आफ्रिकेतील मलावी देशात एका मुलीला पोलिओ झाल्याचे जाहीर झाले, तो विषाणू पाकिस्तानातील जातीचा होता. आफ्रिका खंड त्यापूर्वी दीडच वर्ष आधी रानटी पोलिओपासून मुक्त झाल्याची घोषणा झाली होती.

दहशतवादाशी लढणाऱ्या प्रत्येक राज्यसंस्थेने यातून घ्यावयाचा बोध साधा आहे, आणि तो भारतालाही लागू आहे. गुन्हेगाराला शोधण्यासाठी राज्याने आपली सर्व बुद्धी वापरावी, परंतु शाळा, दवाखाना आणि लस यांना हेरांचा वेष बनवू नये. दहशतवादाशी सामना करताना राज्यसंस्थेचे सर्वांत मोठे बळ हे असते की, सामान्य माणूस तिच्या शिक्षकाला, परिचारिकेला, टपालवाल्याला दार उघडतो. दहशतवाद्याला हेच दार बंद व्हायला हवे असते. ओसामाला मारताना ते काम त्याच्या शत्रूंनीच करून टाकले.

पाकिस्तानात आजही पोलिओची मोहीम निघते, तेव्हा शीतपेटी घेतलेल्या बाईबरोबर बंदूकधारी पोलीस चालतो. त्याच्यावाचून तिचा जीव सुरक्षित नाही. आणि तो बरोबर असल्यामुळे ती घरच्यांना सरकारची माणूस वाटते, आपली नव्हे. ओसामाचे घर पाडायला दोन-तीन दिवस पुरले होते. त्या बाईला पोलिसावाचून पुन्हा दारात उभे राहता यावे, यासाठी किती वर्षे लागतील, हे तेथील आयांच्या हाती आहे. आणि त्यांचा विश्वास परत मिळविण्याची जबाबदारी, ज्यांनी तो मोडला त्यांची आहे.